क्लेमेन्स फॉन पिर्के

क्लेमेन्स पीटर फॉन पिर्के (जन्म: १२ मे १८७४, हिर्शश्टेटन, व्हिएन्नाजवळ; मृत्यू: २८ फेब्रुवारी १९२९, व्हिएन्ना) हे ऑस्ट्रियाचे बालरोगतज्ज्ञ आणि रोगप्रतिकारशास्त्रज्ञ होते. ॲलर्जी ही संज्ञा त्यांनी १९०६ मध्ये वैद्यकाला दिली. १९०७ मध्ये त्यांनी क्षयरोगाच्या निदानासाठी त्वचेवर करावयाची ट्यूबरक्युलिन चाचणी प्रचारात आणली. या चाचणीला होकारार्थी प्रतिसाद देणाऱ्या, परंतु आजाराची कोणतीही लक्षणे नसलेल्या मुलांच्या अवस्थेसाठी त्यांनी १९०९ मध्ये सुप्त क्षयरोग ही संकल्पना मांडली. चाचणीचा निकाल आणि रुग्णाचा आजार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पद्धतशीर निरीक्षणांनी दाखवून देणाऱ्या आरंभीच्या वैद्यकांत त्यांची गणना होते. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीने ग्रासलेल्या ऑस्ट्रियात त्यांनी बालकांच्या अन्नदानाची मोठी योजना चालविली.

कुटुंब व शिक्षण

पिर्के यांचा जन्म जमीनदार उमराव घराण्यात झाला. घराण्याचे मूळ आजच्या बेल्जियममधील लिएज परिसरात होते. वडील पीटर फॉन पिर्के हे ऑस्ट्रियाच्या संसदेचे सदस्य होते. आई फ्लोरा या व्हिएन्नातील परेरा-आर्नश्टाइन या सावकारी पेढी चालविणाऱ्या घराण्यातील होत्या. त्यांचे धाकटे बंधू गीडो फॉन पिर्के हे पुढे अग्निबाणविद्येचे आद्य अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले.

कुटुंबाच्या अपेक्षेप्रमाणे क्लेमेन्स यांनी प्रथम इन्सब्रुक येथे धर्मशास्त्राचा आणि नंतर बेल्जियममधील लूव्हां येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. तथापि धर्मोपदेशकाच्या वृत्तीत त्यांचे मन रमले नाही आणि ते वैद्यकाकडे वळले. व्हिएन्ना, क्योनिग्जबर्ग आणि ग्रात्स येथे अध्ययन करून १९०० मध्ये त्यांनी ग्रात्स विद्यापीठाची वैद्यकीय पदवी संपादन केली. ग्रात्स येथे बालरोगाचे प्राध्यापक थिओडोर एशेरिष यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. आतड्यातील एका जिवाणूचा शोध लावणारे आणि ज्यांच्या नावावरून त्या जिवाणूला पुढे नाव मिळाले, तेच हे एशेरिष होत. काही काळ बर्लिनमध्ये ऑटो हॉयब्नर यांच्या हाताखाली काम केल्यावर पिर्के व्हिएन्नाला आले आणि एशेरिष यांच्या बालरुग्णालयात रुजू झाले. १९०४ मध्ये त्यांनी हॅनोव्हर येथील मारिया फान हुसेन यांच्याशी विवाह केला. हा विवाह पिर्के कुटुंबाला रुचला नव्हता.

सीरमजन्य आजार

विसाव्या शतकाच्या आरंभी घटसर्प आणि लोहितांग ज्वर या आजारांवर घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले सीरम टोचले जाई. घटसर्पाने गुदमरणारी अनेक मुले या उपचाराने वाचत. मात्र त्यांतील काही मुलांना आठ ते बारा दिवसांनी ताप येई, अंगावर पित्त उठे, सांधे दुखत आणि लसीका ग्रंथी सुजत. हा सीरममधील विषाचा परिणाम असावा, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता.

पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी या मुलांच्या नोंदी दिवसागणिक तपासल्या. तेच सीरम त्याच मुलाला काही आठवड्यांनी पुन्हा टोचले, तर लक्षणे आठ दिवसांऐवजी काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उमटत, असे त्यांना आढळले. सीरम तेच होते, मात्राही बहुधा तेवढीच होती. बदललेले होते ते मुलाचे शरीर. पहिल्या टोचणीनंतर शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि परक्या द्रव्याशी त्यांची गाठ पडली की आजाराची लक्षणे निर्माण होतात, असा निष्कर्ष दोघांनी काढला. या विचाराचे एक टिपण पिर्के यांनी १९०३ मध्ये व्हिएन्नाच्या शास्त्र अकादमीकडे सीलबंद करून ठेवले होते. १९०५ मध्ये पिर्के व शिक यांचा सीरमजन्य आजारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच आजाराला कारणीभूत ठरू शकते, ही कल्पना त्या काळी धक्कादायक होती.

ॲलर्जी या संज्ञेचा उगम

१९०६ मध्ये म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकातील छोट्या लेखात पिर्के यांनी ॲलर्जी हा शब्द सुचविला. भिन्न आणि कार्य या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनविला होता. एखाद्या द्रव्याशी पूर्वी संबंध आल्यामुळे शरीराच्या प्रतिसादक्षमतेत झालेला बदल, असा त्याचा मूळ अर्थ होता. हा बदल वाढीच्या दिशेने असेल किंवा घटीच्या, लवकर प्रतिसाद देण्याचा असेल किंवा मुळीच न देण्याचा. हे सर्व प्रकार त्यांनी या एकाच संज्ञेत धरले होते. पुढे लोकव्यवहारात आणि वैद्यकातही हा अर्थ आकुंचित होत गेला आणि परागकण, धूळ, अन्नपदार्थ किंवा औषधे यांमुळे होणाऱ्या त्रासापुरताच तो उरला. पिर्के यांच्या पुढील संशोधनाचा आधार मात्र मूळ व्यापक अर्थ हाच होता.

ट्यूबरक्युलिन चाचणी

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा जिवाणू शोधला आणि १८९० मध्ये त्या जिवाणूंच्या संवर्धनापासून काढलेले ट्यूबरक्युलिन हे द्रव्य क्षयावरील उपाय म्हणून जाहीर केले. उपाय म्हणून ते अपयशी ठरले. अनेक रुग्णांची प्रकृती त्याने बिघडली आणि काही दगावले. तरीही क्षयग्रस्त शरीर या द्रव्याला तीव्र प्रतिसाद देते, एवढी गोष्ट त्यातून हाती आली. त्यामुळे त्वचेखाली ट्यूबरक्युलिन टोचून ताप येतो का, हे पाहण्याची निदानपद्धती रूढ झाली. गुरांमधील क्षय ओळखण्यासाठी ती उपयुक्त होती. परंतु लहान मुलांना ताप आणणारी ही तपासणी त्रासदायक आणि प्रसंगी धोक्याची होती.

गोस्तन देवीच्या लसीकरणाचा अभ्यास करताना पिर्के यांना दिसले होते की, पूर्वी लस टोचलेल्या व्यक्तीच्या त्वचेवर दुसऱ्या खेपेस खूपच लवकर लाली आणि उंचवटा येतो. हीच रीत त्यांनी ट्यूबरक्युलिनला लावली. हाताच्या आतील बाजूस ट्यूबरक्युलिनचे दोन थेंब काही अंतरावर ठेवीत. एका बारीक टोकदार उपकरणाने प्रथम दोन थेंबांच्या मधल्या कोरड्या जागी त्वचा किंचित खरवडीत आणि नंतर थेंबांखालील त्वचा तशीच खरवडीत. २४ आणि ४८ तासांनी तिन्ही जागा पाहत. मधली जागा केवळ खरचटल्यासारखी दिसली आणि ट्यूबरक्युलिनच्या जागी सुमारे ५ मिलिमीटर किंवा अधिक रुंदीचा उंचवटा आला, तर निकाल होकारार्थी धरीत. ताप येत नसे आणि मूल घरी जाऊ शके. मे १९०७ मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय संस्थेसमोर त्यांनी ही पद्धत मांडली.

मधल्या कोऱ्या ओरखड्याला या चाचणीत मोठे महत्त्व होते. काही मुलांची त्वचा साध्या खरवडण्यानेही लाल होते. अशा मुलात तिन्ही जागा सारख्याच दिसत आणि त्या लालीचे श्रेय ट्यूबरक्युलिनला देता येत नसे. तुलनेसाठी ठेवलेली ही जागा नसती, तर त्वचेची संवेदनशीलता आणि क्षयाचा संसर्ग यांची गल्लत झाली असती.

याच सुमारास इतर संशोधकांनीही या चाचणीची रूपे तयार केली. फ्रान्समध्ये आल्बेर कालमेत यांनी डोळ्यात ट्यूबरक्युलिनचा थेंब टाकण्याची पद्धत सुचविली. डोळ्याला इजा होऊ लागल्याने ती मागे पडली. अर्न्स्ट मोरो यांनी मलमाच्या रूपात ट्यूबरक्युलिन वापरले. १९०८ मध्ये शार्ल मांटू यांनी त्वचेच्या थरातच मोजून मात्रा टोचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ओरखड्यातून नेमके किती द्रव्य आत गेले हे सांगता येत नाही, ही पिर्के यांच्या पद्धतीची उणीव मांटू चाचणीत दूर झाली. त्यामुळे कालांतराने तीच जगभर प्रचलित झाली.

निकालाचा अर्थ आणि सुप्त क्षयरोग

चाचणी सोपी असल्याने अल्पावधीत हजारो मुलांवर ती करण्यात आली आणि त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. क्षयाने आजारी असलेली मुले होकारार्थी प्रतिसाद देत, हे अपेक्षितच होते. परंतु हाड मोडल्यामुळे, साध्या खोकल्यामुळे किंवा अन्य कारणाने रुग्णालयात आलेली, अन्यथा निरोगी दिसणारी कितीतरी मुलेही होकारार्थी निघू लागली. वयाबरोबर हे प्रमाण वाढत जाई. तान्ह्या मुलांत ते अत्यल्प असे, शाळकरी वयात बरेच अधिक आणि पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावर व्हिएन्नाच्या गरीब वस्तीतील बहुतांश मुले होकारार्थी असत. एकतर चाचणी चुकीची होती, किंवा क्षयाचा जिवाणू आजार न करताही शरीरात राहू शकत होता.

शवविच्छेदनातून याचे उत्तर मिळाले. चाचणी झालेली जी मुले पुढे अन्य आजारांनी दगावली, त्यांच्यापैकी होकारार्थी निकालाच्या मुलांत फुप्फुसालगतच्या ग्रंथींत किंवा अन्यत्र क्षयाच्या लहानशा, कधी चुना साचून घट्ट झालेल्या गाठी सापडत. चाचणी खोटे सांगत नव्हती. मात्र ती ज्या प्रश्नाचे उत्तर देत होती, तो प्रश्न वैद्य समजत होते त्याहून वेगळा होता. जिवाणू या शरीरात कधी शिरला होता का, एवढेच ती सांगत होती. तो आज उपद्रव करीत आहे का, हे ती सांगू शकत नव्हती. १९०९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या लेखात पिर्के यांनी लक्षणांविना होकारार्थी असलेल्या मुलांच्या या स्थितीचे सुप्त क्षयरोग असे वर्णन केले.

यातूनच वयानुसार निकालाचा अर्थ बदलतो, हे तत्त्व पुढे आले. एका वर्षाच्या आतील बालकात होकारार्थी निकाल आला, तर संसर्ग नुकताच झालेला आहे आणि घरातील कोणीतरी क्षयाने आजारी असण्याचा संभव आहे, असा त्याचा अर्थ होई. अशा बालकाच्या जिवाला धोका मोठा असे. तोच निकाल बारा वर्षांच्या मुलात आला, तर आजच्या तक्रारीशी त्याचा संबंध असेलच असे नाही. प्रौढ शहरवासीयात तर होकारार्थी निकालावरून आजाराचे निदान करणे जवळजवळ निरर्थक होते. मोठ्या मुलांत आणि प्रौढांत नकारार्थी निकालच अधिक उपयोगी, कारण त्यामुळे क्षयाची शक्यता बरीच मागे पडते, अशी पिर्के यांची भूमिका होती.

मात्र नकारार्थी निकालही नेहमी विश्वासार्ह नसतो, हेही त्यांनीच दाखवून दिले. क्षयरुग्ण मुलांच्या कक्षात गोवराची साथ आली, तेव्हा पूर्वी ठळक प्रतिसाद देणारी मुले पुरळ उठण्याच्या सुमारास सुमारे आठवडाभर मुळीच प्रतिसाद देईनाशी झाली आणि त्यानंतर तो प्रतिसाद हळूहळू परत आला. १९०८ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. क्षय सर्वांगात पसरून मरणासन्न झालेल्या मुलांतही चाचणी नकारार्थी येई. जिथे आजार सर्वाधिक, तिथेच चिन्ह नाहीसे होत होते. प्रतिसाद देण्याची शक्तीच हरपलेल्या या अवस्थेला ॲनर्जी असे म्हटले जाते. गोवरामुळे प्रतिकारशक्ती काही काळ दबते, याचा हा आरंभीचा प्रायोगिक पुरावा मानला जातो.

अमेरिका, ब्रेस्लाउ आणि व्हिएन्ना

१९०९ मध्ये पिर्के अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बालरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथील नवे बालरुग्णालय अद्याप बांधून व्हायचे होते. सुमारे वर्षभरानंतर, १९१० मध्ये, ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथील अध्यासन स्वीकारून ते युरोपात परतले. १९११ मध्ये एशेरिष यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी पिर्के यांची व्हिएन्ना विद्यापीठाच्या बालरोग विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. एशेरिष यांनी आखलेले नवे बालरुग्णालय त्याच वर्षी सुरू झाले. क्षयग्रस्त मुलांना उघड्या हवेत ठेवण्यासाठी त्याच्या गच्चीवर कक्ष होता. वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी एर्विन लाझार यांनी तेथे स्वतंत्र विभाग स्थापन केला; हान्स आस्पर्गर यांनी पुढे याच विभागात काम केले. बेला शिक यांनी घटसर्पाविषयीची त्यांच्या नावाने ओळखली जाणारी त्वचाचाचणी १९१३ मध्ये याच रुग्णालयातून मांडली.

युद्धोत्तर उपासमार व पोषणकार्य

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले आणि व्हिएन्नाचा धान्य, दूध व कोळशाचा पुरवठा तुटला. शहरातील मुले खुरटू लागली, मुडदूस वाढला आणि क्षयाने होणारे मृत्यूही वाढले. १९१९ मध्ये हर्बर्ट हूव्हर यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकन मदतसंस्थेने ऑस्ट्रियात बालकांना अन्न पुरविण्यास आरंभ केला आणि त्याचे संचालन पिर्के यांच्याकडे सोपविले.

अन्न मर्यादित होते आणि मुले लाखोंनी होती. कोणाला जेवण द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरविण्यासाठी पिर्के यांनी स्वतःची मोजमापाची पद्धत वापरली. अन्नाचे पोषणमूल्य ते दुधाच्या तुलनेत मोजीत. एक ग्रॅम दूध म्हणजे एक नेम, असे त्यांचे एकक होते. ते सुमारे दोन-तृतीयांश किलोकॅलरीइतके भरते. मुलाचे पोषण कसे आहे हे पाहण्यासाठी वजन आणि बसल्या स्थितीतील उंची यांवरून ते एक निर्देशांक काढीत. त्याला पेलिडिसी असे नाव होते. शाळाशाळांतून मुलांची मोजणी झाली आणि ज्यांचा निर्देशांक कमी त्यांना रोज एक पूर्ण जेवण मिळाले. आकडा हाती असूनही वैद्यकीय तपासणीवर त्यांचा भर असे. मुलाच्या त्वचेची रक्तवर्णता, चरबी, ओलावा आणि स्नायूंची ठेवण यांचीही नोंद केली जाई.

नेम पद्धतीचा पिर्के यांनी मोठ्या निष्ठेने प्रचार केला. १९२२ मध्ये तिची इंग्रजी रूपरेषा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तरीही ती फार काळ टिकली नाही. कॅलरीच्या रूढ एककासमोर तिचा विशेष लाभ अनेकांना पटला नाही आणि जीवनसत्त्वांचे महत्त्व स्पष्ट होत गेल्यावर केवळ ऊर्जेवर आधारलेली ही गणना अपुरी ठरली. अन्नदानाच्या योजनेचे यश मात्र वादातीत राहिले. युद्धकाळातील ऑस्ट्रियाच्या सार्वजनिक आरोग्याविषयी त्यांनी संपादित केलेला दोन खंडांचा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्रसंघाच्या बालकल्याणविषयक वैद्यकीय कार्यातही त्यांचा सहभाग होता.

अखेरची वर्षे

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिर्के हे ऑस्ट्रियातील सर्वाधिक आदरणीय सार्वजनिक व्यक्तींपैकी एक होते. १९२८ मध्ये देशाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचे नाव चर्चेत आले होते. नोबेल पारितोषिकासाठीही त्यांची अनेकदा शिफारस झाली. ते त्यांना मिळाले नाही. त्यांच्या पत्नी मारिया दीर्घकाळ आजारी होत्या आणि या दांपत्याला अपत्य नव्हते. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी पिर्के आणि मारिया यांनी व्हिएन्नातील आपल्या निवासस्थानी जीवनयात्रा संपविली. मृत्युसमयी पिर्के ५४ वर्षांचे होते. १९३० मध्ये त्यांच्या जागी फ्रान्झ हांबुर्गर यांची नेमणूक झाली. निरनिराळ्या वयांतील रोगप्रवणतेविषयीचा पिर्के यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

आधुनिक रक्तचाचण्या आणि पिर्के यांचा वारसा

ट्यूबरक्युलिनचे शुद्ध प्रथिनरूप अमेरिकेतील फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९३० च्या दशकात तयार केले आणि मांटू चाचणी अधिक प्रमाणबद्ध झाली. या चाचणीत ४८ ते ७२ तासांनी हातावरील लाली न मोजता कठीण उंचवटा मोजतात. अमेरिकेतील मार्गदर्शक तत्त्वांनुसार एचआयव्हीबाधित व्यक्ती किंवा क्षयरुग्णाच्या निकट सहवासातील व्यक्ती यांच्यात ५ मिलिमीटर, मध्यम जोखमीच्या व्यक्तींत १० मिलिमीटर आणि कोणतीही जोखीम नसलेल्यांत १५ मिलिमीटर ही मर्यादा धरली जाते. एकच उंचवटा एका व्यक्तीत होकारार्थी आणि दुसरीत नकारार्थी ठरावा, यामागे व्यक्तीनुसार निकालाचा अर्थ बदलतो हे पिर्के यांचेच तत्त्व आहे.

मांटू चाचणीची मोठी अडचण बीसीजी लसीमुळे निर्माण होते. १९२१ मध्ये प्रथम माणसाला दिली गेलेली ही लस कालमेत व कामिय गेरँ यांनी गुरांच्या क्षयजिवाणूपासून तयार केली होती. ट्यूबरक्युलिनमधील अनेक प्रथिने या लसीतही असल्याने लस घेतलेली व्यक्ती संसर्गाविनाही प्रतिसाद देऊ शकते. भारतात नवजात बालकांना बीसीजी दिली जाते, त्यामुळे येथे हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा लागतो. अर्थात जन्मानंतर लगेच दिलेल्या लसीचा हा परिणाम पुढे बराच ओसरतो.

या अडचणीवर उपाय म्हणून एकविसाव्या शतकाच्या आरंभी इंटरफेरॉन गॅमा या द्रव्याच्या मोजणीवर आधारित रक्तचाचण्या आल्या. बीसीजी लसीत नसलेली, परंतु क्षयाच्या जिवाणूत असलेली विशिष्ट प्रथिने रक्ताच्या नमुन्यात मिसळतात आणि पांढऱ्या पेशी किती इंटरफेरॉन गॅमा सोडतात ते मोजतात. क्वांटिफेरॉन या चाचणीत एक नळी कोरी ठेवतात. दुसरीत कोणत्याही निरोगी व्यक्तीच्या पेशींना चेतविणारे द्रव्य असते आणि उरलेल्या नळ्यांत क्षयाची प्रथिने असतात. कोरी नळी म्हणजे पिर्के यांच्या मधल्या ओरखड्याचेच आधुनिक रूप होय. चेतविणारी नळी त्यांना गोवराच्या साथीत भेडसावलेल्या प्रश्नाचे उत्तर देते.

या चाचणीत क्षयप्रथिनांचा प्रतिसाद, कोऱ्या नळीतील मूल्य वजा करून, प्रति मिलिलिटर ०.३५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक असेल आणि तो कोऱ्या नळीतील मूल्याच्या किमान २५ टक्के असेल, तर निकाल होकारार्थी धरतात. क्षयप्रथिनांना प्रतिसाद मिळाला नाही आणि चेतविणाऱ्या नळीतही पेशी गप्प राहिल्या, किंवा कोऱ्या नळीतच मूल्य फार अधिक आढळले, तर निकाल अनिश्चित म्हणून नोंदविला जातो. अनिश्चित म्हणजे संसर्ग नाही असे नव्हे आणि संसर्ग आहे असेही नव्हे. चाचणीने उत्तरच दिले नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, एचआयव्हीमुळे घटलेल्या पेशी, गंभीर आजार आणि अगदी लहान वय ही त्याची शारीरिक कारणे असतात. नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्यास वा ऊबयंत्रात ठेवण्यास झालेला विलंब, नळी नीट न हलविणे ही तांत्रिक कारणेही असू शकतात. अशा वेळी नवा नमुना घेऊन चाचणी पुन्हा करतात किंवा त्वचाचाचणीची जोड देतात.

मर्यादेलगतचे निकाल ही याहून वेगळी बाब आहे. ०.३५ च्या किंचित वर असलेला निकाल पुन्हा तपासणीत मर्यादेखाली जाऊ शकतो, कारण रक्ताची मात्रा, उबवणीचा काळ आणि मोजणी यांत थोडाफार फरक पडतोच. क्षयाची जोखीम कमी असलेल्या लोकांत, उदाहरणार्थ केवळ नोकरीच्या नियमामुळे तपासणी होणाऱ्यांत, असे निकाल वारंवार उलटलेले दिसतात. टी-स्पॉट या दुसऱ्या रक्तचाचणीत अमेरिकेत अशा निकालांसाठी सीमावर्ती हा स्वतंत्र वर्गच ठेवला आहे. क्षयरुग्णाच्या घरातील बालकाचा किंवा प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या व्यक्तीचा मर्यादेलगतचा निकाल मात्र हलकेपणाने घेता येत नाही. तिथे संसर्गाची पूर्वशक्यताच मोठी असते आणि तो दुर्लक्षिला गेल्यास हानीही मोठी होते.

कोणतीही त्वचाचाचणी वा रक्तचाचणी सुप्त संसर्ग आणि सक्रिय क्षय यांत भेद करू शकत नाही. म्हणून खोकला, ताप, वजनातील घट यांची चौकशी, छातीची क्ष-किरण तपासणी आणि गरज पडल्यास थुंकीची तपासणी करून सक्रिय आजार नाही याची खात्री करावी लागते. सुप्त संसर्गाचा प्रतिबंधक उपचार अनेक महिने एखादे औषध किंवा सुमारे तीन महिने आठवड्यातून एकदा संयुक्त औषधे देऊन करतात. या औषधांचा यकृतावर दुष्परिणाम होऊ शकतो. चुकीच्या होकारामुळे निरोगी माणसाला विनाकारण औषध घ्यावे लागते आणि चुकीच्या नकारामुळे एखादे बालक मेंदूच्या क्षयापर्यंत पोहोचू शकते. सुप्त संसर्ग असलेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के व्यक्तींनाच आयुष्यात कधीतरी सक्रिय क्षय होतो. त्या कोण असतील हे आजच्या चाचण्या नेमकेपणाने सांगू शकत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे एक-चतुर्थांश लोकसंख्येला क्षयजिवाणूचा संसर्ग झालेला आहे. २०१८ पासून संघटनेने सुप्त संसर्गाच्या तपासणीसाठी त्वचाचाचणी व रक्तचाचणी या दोहोंपैकी कोणतीही वापरण्यास मान्यता दिली आहे. रक्तचाचणीतील विशिष्ट प्रथिने वापरून केलेल्या नव्या त्वचाचाचण्यांना २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे पिर्के यांनी निवडलेली हाताची त्वचा शंभरहून अधिक वर्षांनंतर पुन्हा निदानाच्या केंद्रस्थानी आली आहे.

पिर्के यांच्या स्मरणार्थ ऑस्ट्रियाच्या टांकसाळीने २०१० मध्ये थोर वैद्यांच्या मालिकेत ५० युरोचे सुवर्णनाणे काढले. त्यांची ओरखड्याची चाचणी आज इतिहासजमा झाली असली, तरी ॲलर्जी आणि सुप्त क्षयरोग या दोन्ही संज्ञा जगातील बहुतेक भाषांत रुळलेल्या आहेत.